यंत्र पुण्यात, नदी नागपुरात: दूरच्या सुपरकॉम्प्युटरच्या दाराची गोष्ट

राजेहो, आजची पोस्ट मोठी आहे. निवांत बसूनच वाचा.

पुण्याला एखादा नवा सुपरकॉम्प्युटर आला की आपल्या विदर्भाच्या ग्रुपवर एकच ओरड सुरू होते: "सगळं पुण्यालाच! नागपूरले काय भेटलं?" २६ सप्टेंबर २०२४ ला 'परम रुद्र' नावाचे तीन सुपरकॉम्प्युटर देशाला अर्पण झाले. एक पुण्याच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी, एक दिल्लीला, एक कोलकात्याला. त्याच दिवशी हवामानखात्याच्या कामासाठी 'अर्क' आणि 'अरुणिका' ही दोन मोठी यंत्रं सुरू झाली. त्यातलं 'अर्क' पुन्हा पुण्यातच, पाषाणच्या आयआयटीएममध्ये. गंमत बघा, पंतप्रधानांचा त्या दिवशीचा पुणे दौरा जोरदार पावसामुळे रद्द झाला आणि उद्घाटन दिल्लीत बसून व्हिडिओ कॉन्फरन्सवर उरकलं. म्हणजे पावसाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्राचं उद्घाटन पावसामुळे दुरून करावं लागलं!

लोकांनी यावर विनोद केले. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. बटण दिल्लीत दाबलं आणि यंत्र पुण्यात चालू झालं, तर तेच यंत्र बर्डीवर बसून का चालवता येऊ नये? येतं. जगभर गेली चाळीस वर्षं लोक हेच करताहेत. प्रश्न यंत्र कुठे ठेवलंय यापेक्षा त्याच्या दाराची किल्ली कोणाला मिळते हा आहे. या दाराचा इतिहास आपल्याकडे कोणी फारसा सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी आपली गरज

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी घरात शिरली. बर्डीवर मोर भवनच्या बसस्टँडवर एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं गेली, संसार वाहून गेले, दुकानांचा माल चिखलात गेला.

त्यानंतर चर्चा खूप झाल्या. पाणी कुठून आलं, कोणत्या पुलाशी अडलं, कोणत्या बांधकामामुळे वळलं, यावर प्रत्येकाचं मत होतं. पण याचं उत्तर मतांनी मिळत नाही, गणिताने मिळतं. नदीच्या पात्राचे, रस्त्यांच्या उतारांचे, नाल्यांच्या रुंदीचे आकडे घ्यायचे, त्यावर पाऊस पाडायचा आणि पाणी कसं वाहतं ते सेकंदासेकंदाला मोजायचं. शहर जितक्या बारीक चौकटींत मोजाल तितकं गणित वाढतं. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि हिशेबाची पावलंही लहान घ्यावी लागतात. म्हणजे काम साधारण आठपट. साध्या लॅपटॉपचा तिथे दम निघतो. इथे लागतो क्लस्टर, म्हणजे शेकडो संगणक एकमेकांना वेगवान तारांनी जोडून एकाच कामाला जुंपलेला ताफा.

आणि उत्तर येतं ते आकड्यांच्या डोंगराच्या रूपात. त्या डोंगराकडे बघून नगरसेवकाला काही कळत नाही, मलाही कळत नाही, खरं तर शास्त्रज्ञालाही नुसत्या आकड्यांतून कळत नाही. त्या आकड्यांचं हलतं चित्र करावं लागतं. निळं पाणी अंबाझरीच्या सांडव्यावरून उतरतंय, चौकात फुगतंय, वस्तीत शिरतंय, असं दिसलं की भांडण मिटतं किंवा निदान मुद्द्यावर येतं. याला सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन म्हणतात. तेव्हा हा विषय फक्त इंजिनिअर लोकांचा राहत नाही.

बर्डीचा दगड आणि दूरची गणना

दूर बसून गणना करणं नागपूरला नवं नाही. सीताबर्डीच्या किल्ल्यापासून जवळच झिरो माइलचा स्तंभ आहे. 'भारताचं केंद्र' म्हणून आपण पाहुण्यांना तिथे फोटो काढायला नेतो. पण तिथल्या दगडाचं मूळ काम वेगळं आहे. तो १९०७ सालचा सर्वेक्षण खात्याचा उंचीचा खुणेचा दगड आहे आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत!

हा आकडा बर्डीवर तयार झाला नाही. देशाच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजली गेली. तिथून माणसं पट्ट्या आणि दुर्बिणी घेऊन पायी चालत आत आली. त्या नोंदींच्या वह्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या डेहराडूनच्या कचेरीकडे गेल्या आणि तिथे बसलेल्या लोकांनी बेरजा-वजाबाक्या केल्या. त्या लोकांच्या पदाचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. यंत्र नव्हे, माणूस. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते राधानाथ सिकदार १८३१ साली याच पदावर लागले होते.

आपल्या भागाचं नातं तर याहून जवळचं आहे. हे सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे आपला मुक्काम हलवत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

म्हणजे त्या काळची व्यवस्था अशी होती: मोजमाप आपल्या मातीत, गणना दुसरीकडे, आणि उत्तर दगडावर कोरून परत. गणना दूर होती याचं दुःख नाही. एका जागी हुशार माणसं बसवून देशभराची गणितं करणं शहाणपणाचंच होतं. पण ज्यांची जमीन मोजली त्यांना त्या कचेरीच्या दारापर्यंत जाता येत नव्हतं. काय मोजायचं आणि नकाशा कोणाला दाखवायचा, हे सरकार ठरवत होतं.

कुलुपासकट आलेलं यंत्र

आता थेट १९८० च्या दशकात या. भारताला हवामानाच्या अंदाजासाठी सुपरकॉम्प्युटर हवा होता आणि तो अमेरिकेकडे होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर 'क्रे' कंपनीचं एक्स-एमपी १४ हे यंत्र मिळालं आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी दिल्लीत बसलं. पण अटींसकट. ते हवामानाच्याच कामाला वापरायचं, आणि कोण वापरतंय यावर कडक देखरेख. यंत्र भारताचं, पैसा भारताचा, दाराची किल्ली मात्र परक्याच्या अटींवर. आपल्याकडच्या पहिल्या सुपरकॉम्प्युटरची कथाच मुळी दाराची कथा आहे.

त्यातून चिडून म्हणा की शहाणं होऊन म्हणा, १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. साधारण ३० कोटी रुपये आणि तीन वर्षं असं गणित होतं. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची पद्धत वेगळी होती. एकच अवाढव्य मेंदू करण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या चिपा एकत्र जोडल्या. आजचे क्लस्टर याच वाटेवरचे आहेत.

या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. इंजिनिअरिंग शिकले ते आपल्या नागपूरच्या व्हीआरसीईमध्ये, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीमध्ये, १९६५ ची बॅच. ज्या अंबाझरीचं पाणी २०२३ ला शहरात आलं, ती अंबाझरी या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. विदर्भाच्या पोराने पुण्यात यंत्र बांधलं, हा आपला अभिमान. पण आज मुरंब्याच्या आसपासच्या एखाद्या कॉलेजातल्या पोरीला त्या यंत्रापर्यंत पोचायचं असेल तर? अभिमानाच्या पोस्टला लाइक खूप मिळतात. या प्रश्नावर सामसूम असते.

तार आधी कशासाठी ओढली?

अमेरिकेत हाच प्रश्न १९८० च्या सुरुवातीला आला होता. लॅरी स्मार नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्याच देशात बनलेला क्रे वापरण्यासाठी त्याला जर्मनीत म्युनिकला जावं लागायचं, कारण अमेरिकेतल्या विद्यापीठांना ती यंत्रं मिळत नव्हती. घरच्या गाईचं दूध प्यायला शेजारच्या गावी जाण्यासारखं! त्याने १९८३ साली सरकारकडे प्रस्ताव दिला. पुढे तिथल्या राष्ट्रीय विज्ञान फाउंडेशनने पाच सुपरकॉम्प्युटर केंद्रं काढली, आणि दूरच्या विद्यापीठांतल्या लोकांना ती वापरता यावीत म्हणून १९८६ मध्ये एनएसएफनेट हे जाळं विणलं. सुरुवातीचा वेग फक्त ५६ किलोबिट. पुढे हेच जाळं इंटरनेटचा कणा झालं. आणि स्मारच्याच केंद्रात, इलिनॉयमध्ये, १९९३ साली 'मोझाइक' ब्राउझर तयार झाला, ज्याने वेब सामान्य माणसापर्यंत नेलं.

म्हणजे आज तुम्ही ज्या इंटरनेटवर ही पोस्ट वाचताय, ते वाढलं त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं: महागडं यंत्र एका जागी, वापरणारे शंभर जागी. तार दारासाठी ओढली होती, करमणूक नंतर आली.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं. त्यात मुंबईचं एनसीएसटी, बंगळुरूची आयआयएससी, पाच आयआयटी आणि दिल्लीचं इलेक्ट्रॉनिक्स खातं, अशा आठ जागा होत्या. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलने इंटरनेट उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आधी महानगरांत. त्या काळी स्वस्तातलं 'शेल' खातं मिळायचं. त्यात तुमचा संगणक फक्त खिडकी असायचा. खरं काम व्हीएसएनएलच्या यंत्रावर चालायचं आणि तुमच्याकडे नुसती अक्षरं यायची. आज ज्याला आपण रिमोट ॲक्सेस म्हणतो ते आपल्याकडे असं, अक्षरांपुरतं, सुरू झालं.

२००० च्या सुमारास मी पत्रकारितेचा डिप्लोमा करायला नागपुरात होतो. बर्डीच्या गल्ल्यांत तेव्हा सायबर कॅफे उगवले होते. तासावर पैसे. मॉडेमची किरकिर झाली की सगळे श्वास रोखून बसायचे. एखादा फोटो उघडला की आधी आभाळ दिसायचं, मग डोकं, मग चेहरा, आणि पाय दिसेपर्यंत आपली वेळ संपायची. तेव्हा आम्ही हसायचो. पण दूरच्या यंत्रावरून चित्र आणणं किती जड असतं, हे ज्याने तो काळ पाहिला त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

डेटा आणायचा की चित्र?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अमेरिकेत १९८७ साली एक अहवाल निघाला, विषय होता वैज्ञानिक गणनेतलं व्हिज्युअलायझेशन. त्याचा रोख साधा होता: यंत्रं आकड्यांचा इतका पूर ओततायत की माणसाला तो डोळ्यांनी पाहता आला नाही तर गणना करून उपयोग काय? तिथून या विषयाला स्वतंत्र मान मिळाला.

पण आकडे एका गावी आणि डोळे दुसऱ्या गावी असतील तर? हिशेब करून बघू. मोठ्या पूर-मॉडेलचं किंवा हवामान-मॉडेलचं उत्तर एक टेराबाइट सहज होतं. एक टेराबाइट म्हणजे ८ लाख कोटी बिट. एनएसएफनेटच्या ५६ किलोबिटच्या तारेवरून तो आणायला साडेचार वर्षं लागली असती. आजच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजला खरोखर १० मेगाबिट मिळत असतील, तर सव्वानऊ दिवस, तेही मध्ये लाइट गेली नाही तर. एक गिगाबिटच्या लाइनवर सव्वादोन तास.

दुसरा मार्ग असा की डेटा हलवायचाच नाही. तो जिथे जन्मला तिथेच, त्याच क्लस्टरमधल्या ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर त्याचं चित्र बनवायचं आणि फक्त चित्र पाठवायचं. आपल्या पडद्यावर साधारण २०-२१ लाख ठिपके असतात. ते सेकंदाला २५ वेळा जसेच्या तसे पाठवले तर सव्वा गिगाबिट लागतात, म्हणजे पुन्हा अडचण. पण व्हिडिओ कॉलसारखं दाबून पाठवलं तर काही मेगाबिटांत भागतं. म्हणजे ज्या लाइनवर आपली पोरं क्रिकेट बघतात, त्या लाइनवर टेराबाइटचा पूर फिरवून, जवळ आणून, कापून बघता येतो. डेटा एक टेराबाइट असो की शंभर, तारेवरचं ओझं तेवढंच राहतं.

हे जमायला एकेक पायरी लागली. १९८४ साली एमआयटीत 'एक्स विंडो' आलं, ज्यात प्रोग्राम एका यंत्रावर आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उघडायची. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेनने 'एसएसएच' लिहिलं, कारण त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते. त्यामुळे दूरच्या यंत्राशी कुलूपबंद बोलता येऊ लागलं. १९९० च्या दशकात केंब्रिजच्या प्रयोगशाळेत 'व्हीएनसी' तयार झालं, ज्यात दूरच्या संगणकाचा अख्खा पडदाच आपल्यासमोर येतो. २००० नंतर 'पॅराव्ह्यू'सारखी साधनं आली. ती चालतात दोन तुकड्यांत: जड तुकडा क्लस्टरवर, हलका तुकडा तुमच्या टेबलावर. यातलं एसएसएच, व्हीएनसी, पॅराव्ह्यू आज फुकट मिळतं. कोणालाही.

मग दार बसवायचं म्हणजे नेमकं काय?

माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक विदर्भातल्या एका कॉलेजात शिकवतात. त्यांना पुराचं मॉडेल चालवायचं होतं. नाव-गाव लिहीत नाही, केंद्राचंही लिहीत नाही. त्यांच्याकडून समजून घेतलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिलं दार कागदाचं. खातं मिळवायला अर्ज, प्रकल्पाची माहिती, संस्थाप्रमुखाची सही. दुसरं दार नेटवर्कचं. बाहेरच्या जगातून क्लस्टरला सरळ हात लावता येत नाही. आधी व्हीपीएन, म्हणजे खाजगी बोगदा, मग एसएसएचची किल्ली. कधी कधी तुमच्या कॉलेजचा इंटरनेटचा पत्ता कायमचा ठरलेला लागतो. आणि कॉलेजचंच फायरवॉल नेमकं लागणारं पोर्ट अडवून बसलेलं असतं. तिसरं दार आत गेल्यावर. तुम्ही पोचता ते 'लॉगिन नोड'वर, म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर. तिथे जड काम करायचं नसतं. काम रांगेत लावायचं, नंबर आला की ते आतल्या संगणकांवर चालतं. चौथं दार चित्राचं. ग्राफिक्सवाला नोड मागायचा, त्यावर पडदा सुरू करायचा आणि तो पडदा त्याच कुलूपबंद बोगद्यातून आपल्याकडे ओढायचा.

सरांचं काम तिसऱ्या दारापर्यंत नीट गेलं. मॉडेल चाललं, उत्तर अर्धा टेराबाइट निघालं. चौथ्या दाराची माहिती त्यांना कोणी दिलीच नव्हती, म्हणून ते डेटा ओढत बसले. लाइन तुटायची, पुन्हा सुरू. शेवटी त्यांनी काही मोजके आकडे आणून तक्ता केला आणि प्रबंधात लावला. त्यांच्या एका विद्यार्थिनीने नंतर वाचून वाचून तो पडदा सुरू केला. पहिल्यांदा पाणी हललेलं दिसलं तेव्हा, सर म्हणाले, आम्हाला आमच्याच मॉडेलमधली चूक पाच मिनिटांत दिसली. एका नाल्यातून पाणी चढाकडे वाहत होतं. तक्त्यात ते महिनाभर दिसलं नव्हतं!

दार बंद ठेवणाऱ्यांचीही बाजू आहे, तीही सांगतो. मे २०२० मध्ये युरोपातली अनेक सुपरकॉम्प्युटर केंद्रं बंद करावी लागली. ब्रिटनमधलं एडिंबराचं 'आर्चर' त्यात होतं, जर्मनीतलीही होती. कारण चोरलेल्या लॉगिनवरून घुसखोरी झाली. खरी खाती, खऱ्या किल्ल्या, वापरणारे चोर. त्यामुळे केंद्रवाले अटी घालतात त्या उगाच नाही. पण अटी समजावणारा माणूस नसेल तर चोर अडतो की नाही माहीत नाही, गरीब कॉलेजचा विद्यार्थी नक्की अडतो.

तार आली, पुढे?

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २००४ पासून सी-डॅकने 'गरुड' ग्रिड हाती घेतलं आणि पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या. मार्च २०१० मध्ये नॅशनल नॉलेज नेटवर्क मंजूर झालं, ५,९९० कोटींचं. देशातल्या मोठ्या शिक्षणसंस्था गिगाबिटच्या तारेने जोडायचं हे काम. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं. त्यातून २०१९ मध्ये काशीच्या आयआयटीत 'परम शिवाय' बसला, पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म'. सी-डॅकचा 'परम सिद्धी' नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या यादीत ६३ वा होता.

आणि दुरून वापराचा नमुना सरकारी व्यवस्थेतही आहे. सीएसआयआरने आपल्या देशभरच्या प्रयोगशाळांसाठी एक मोठा सुपरकॉम्प्युटर बंगळुरूला ठेवला. नागपूरची नीरी ही त्याच सीएसआयआरची प्रयोगशाळा. म्हणजे प्रत्येक प्रयोगशाळेच्या अंगणात यंत्र नको, एक यंत्र आणि सगळ्यांना दार, ही कल्पना आपल्याच देशात मान्य झालेली आहे.

पण या सगळ्या याद्यांमधली नावं बघा. आयआयटी, एनआयटी, आयसर, सीएसआयआर. मोठ्या घरची मुलं. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, बुलढाण्याच्या साध्या कॉलेजांचं काय? पूर तर वैनगंगेलाही येतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत तिने काय केलं ते आठवा.

हा नवा अनुशेष

विदर्भाला अनुशेष हा शब्द शिकवावा लागत नाही. १९५३ च्या नागपूर करारात शब्द दिले गेले. १९८४ च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा, वीज यांची तफावत मोजली. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. या सगळ्यात अनुशेष मोजायची रीत एकच: कोणत्या जिल्ह्यात किती किलोमीटर, किती हेक्टर, किती खोल्या.

सुपरकॉम्प्युटरला ही रीत लावून "एक नागपूरला द्या" म्हणणं सोपं आहे. मीही कधीकाळी तसंच लिहिलं असतं. पण हे यंत्र रस्त्यासारखं टिकत नाही. पाच-सात वर्षांत म्हातारं होतं. वीज खातं, थंडावा खातं, आणि नागपूरच्या मे महिन्यात थंडावा काय भाव पडतो ते आपल्याला माहीत आहे. फीत कापली जाईल, फोटो छापून येतील, आणि साध्या कॉलेजच्या मुलाला दार बंदच असेल तर ते बर्डीवर असलं काय आणि पुण्यात असलं काय.

म्हणून माझ्या मागण्या वेगळ्या आहेत. आमदार-खासदारांना, विद्यापीठांना सांगण्यासारख्या आहेत:

१. खातं. विदर्भातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त कॉलेजच्या विद्यार्थ्याला शिक्षकाच्या सहीने सरकारी क्लस्टरवर खातं मागता यावं. अर्ज एकच, आणि होय की नाही हे ठरलेल्या दिवसांत कळावं.

२. चित्र. फक्त गणनेचे तास देऊ नका, ग्राफिक्सच्या नोडवरचे तासही द्या. अमेरिकेत ओहायोच्या केंद्राने ब्राउझरमधूनच क्लस्टरचा पडदा उघडणारी मोफत प्रणाली केली आहे. बोगदा-किल्लीची अर्धी कटकट त्यात संपते.

३. तार. राष्ट्रीय जाळं मोठ्या संस्थेच्या फाटकाशी थांबू नये. तिथून शेजारच्या कॉलेजांना जोड द्यावी.

४. माणूस. नागपुरात एक मदत कक्ष असावा, जिथे फोन केला तर मराठीत, हिंदीत कोणी समजावून सांगेल. यंत्राच्या किमतीपुढे दोन-चार माणसांचा पगार काहीच नाही.

५. नाग नदी. पहिलं काम म्हणून आपल्याच नदीचं पूर-मॉडेल आपल्याच मुलांनी चालवावं आणि त्याचं चित्र सर्वांना बघायला खुलं असावं. नकाशांसाठी लांब जायला नको. महाराष्ट्राचं स्वतःचं दूरसंवेदन केंद्र १९८८ पासून नागपुरातच आहे.

इंग्रजांच्या काळात आपल्या जमिनीचं गणित दूरच्या कचेरीत झालं आणि आपल्याला फक्त उत्तर मिळालं, दगडावर कोरलेलं. त्यावर आपण प्रश्न विचारू शकत नव्हतो. आता पुराचा अहवालही तसाच एखाद्या कंपनीकडून बांधून येईल, जाड पुठ्ठ्याचा, रंगीत नकाशांचा. त्यातला एखादा नाला चढाकडे वाहत असेल तर ते कोणाला दिसणार? ज्याच्याकडे लॉगिन असेल त्यालाच.

तुमच्या कॉलेजात कोणी असं खातं मागितलं आहे का? मिळालं का, किती दिवसांत, चित्रापर्यंत पोचलात की तक्त्यावर थांबलात? खाली लिहा. नाव नको असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा. दहा-वीस अनुभव जमले की ते घेऊन मी पुढची बातमी करतो. पावसाळा काही आपल्यासाठी थांबणार नाही.